वजनकाटा म्हणतो ‘नॉर्मल’

ऐरोली-महापेच्या कार्यालयांत वर्षातून एकदा आरोग्य तपासणी होते. पस्तिशीचा तरुण काट्यावर उभा राहतो, उंची मोजली जाते आणि कार्डावर बीएमआय २२ लिहिला जातो. शेरा ‘नॉर्मल’. हातपाय काडीसारखे, शर्टाचे पोटावरचे बटण मात्र ताणलेले. ते कार्डावर कुठेच येत नाही. असाच माणूस पुढे दवाखान्यात येतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो, ‘डॉक्टर, मी तर बारीक आहे, मग मला शुगर कशी?’

याचे उत्तर शारीरिक मानवशास्त्रात आहे. हे नाव ऐकले की कवट्या आठवतात, उदाहरणार्थ नर्मदाकाठी हथनोरा येथे १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना सापडलेली. पण या शास्त्राचा मोठा व्यवहार जिवंत माणसांशी आहे आणि त्याची हत्यारे साधी आहेत: मोजपट्टी आणि चिमटीत धरलेल्या कातडीची जाडी मोजणारा कॅलिपर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे याच हत्यारांनी मोजली. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. इथल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण पाठीच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच होती. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के.

माणसाचे पिल्लू मुळातच वानरकुळात गुबगुबीत. नवजात बाळ विश्रांतीत जी ऊर्जा खर्च करते, तिचा निम्म्याहून अधिक भाग एकटा मेंदू खातो. त्यासाठी चरबीची शिदोरी लागते. आईच अर्धपोटी असेल तर गर्भ काटकसर करतो आणि ती बहुधा स्नायूंवर निभावते. शेतात राबणाऱ्या देहाला हे फारसे जड जात नसावे. पण वाशीच्या बाजार समितीत गोणी वाहणाऱ्या माथाडीचा मुलगा आज दिवसभर संगणकासमोर बसतो. उत्क्रांतीला हजारो वर्षे लागतात. इथे एकच पिढी गेली आहे.

‘भारतीय शरीर वेगळे’ म्हणताना जपावे लागते, कारण मोजपट्टीचा इतिहास काही फार चांगला नाही. रिस्लेसारख्या इंग्रज अधिकाऱ्याने नाके मोजून जातींची उतरंड लावली. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या इरावती कर्वे यांनी मात्र कवट्या मोजून गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचे गृहीतक नाकारले, तेही गुरूच्या अपेक्षेविरुद्ध. पुण्याच्या मापांतून दिसणारा फरकही जातीचा किंवा रक्ताच्या शुद्धतेचा नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असेलही, पण त्यातला बराच भाग आईच्या ताटात ठरतो. म्हणून ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणत हात झटकणे चूक. आणि मधुमेह रोखण्याचे काम चाळिशीत नव्हे, तर मुलीच्या वाढीच्या वयात तिला पोटभर, सकस खायला देण्यापासून सुरू व्हायला हवे.

तोवर तपासणी शिबिरांनी एवढे तरी करावे. भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली गेली, तरी २२ वाला सुटतोच. त्याच्या कार्डावर पोटाचा घेरही लिहावा: पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की रक्तातील साखर तपासावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजावे. पँटचा नंबर विचारून लिहू नये. पँट पोटाखाली सरकवली की तो दहा वर्षे बत्तीसच राहतो.