गोष्टीतली माय कुठल्या भाषेत बोलते?

धुळे तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मी हिमगौरीचं पुस्तक घेऊन गेले होते. आपल्याच एका शिबिरात आम्ही काही जणींनी ती गोष्ट नव्यानं लिहिली होती. आमची हिमगौरी राजपुत्राची वाट बघत पडून राहत नाही, सात बुटक्यांची भांडी एकटी घासत नाही. मोठ्या हौसेनं वाचायला बसले. वीस-बावीस पोरं माझ्याकडे नुसती बघत राहिली. चौथ्या पानावर एक मुलगी उठून दारातली कोंबडी बघायला गेली. पुस्तकात राजकन्या म्हणत होती, "माझा निर्णय मीच घेईन." 'निर्णय' हा शब्द त्या खोलीत कुणाच्याच घरचा नव्हता.

खिचडी उतरवून मदतनीस बाई आल्या, पदराला हात पुसत म्हणाल्या, "ताई, मी सांगू का एक?" त्यांनी भोपळ्यातली म्हातारी सांगितली, अहिराणीत. वाघ आडवा येऊन विचारतो, "कथा जाई ऱ्हायनी वं माय?" म्हातारी म्हणते, "आंडेरना घर." आंडेर म्हणजे लेक. पोरं सरकत सरकत बाईंच्या मांडीपर्यंत आली. मीही ही गोष्ट जणू पहिल्यांदाच ऐकली. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये म्हणणाऱ्या समाजात ही म्हातारी जंगल तुडवत लेकीकडेच जाते, तिथं पोटभर खाते आणि धडधाकट होऊन परत येते! एवढी बंडखोर गोष्ट गावात पडलेली असताना आम्ही जर्मनीची राजकन्या सुधारत बसलो होतो.

पुढच्या महिन्यात पर्यवेक्षिका आल्या. म्हणाल्या, "गोष्ट छान, पण मुलांशी शुद्ध बोलत जा. पुस्तकातलं वाचून दाखवा." बाई गप्प झाल्या. मी तिथंच होते आणि मीही गप्प बसले, हे लिहून टाकलेलं बरं. समाजकार्याच्या वर्गात 'लोकांशी लोकांच्या भाषेत बोला' हे मी शिकले होते. ते व्याख्यान इंग्रजीत होतं.

मैत्रिणींनो, 'शुद्ध' या शब्दाशी आपलं भांडण जुनं आहे. विटाळाच्या नावाखाली चार दिवस बाजूला बसवणाऱ्यांना आपण प्रश्न विचारले. मग बाईच्या तोंडची भाषा अशुद्ध ठरते तेव्हा आपण ती मुकाट्यानं का दुरुस्त करू लागतो? आपली पत्रकं, पथनाट्यं, मुलांसाठी काढलेली पुस्तकं चाळून बघा. नायिका प्रमाण मराठीत बोलते. बोली येते ती मोलकरणीच्या, दारुड्याच्या किंवा खाष्ट सासूच्या तोंडी. शहरातल्या कथाकथनातही बोलीतल्या गोष्टी हल्ली ऐकू येतात, पण वाक्याला वाक्याला हशा घेण्यासाठी. ज्या भाषेत आई रागावते, रडते, हिशेब करते, ती भाषा फक्त हसण्याची आहे हे पोराला तीन-चार वर्षांचं असतानाच कळतं. मग शाळेत आई भेटायला आली की मुलगी म्हणते, "तू बोलू नकोस."

2011 च्या जनगणनेत खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली आहे. ती बोलणारे अठरा लाखांहून अधिक. 2009 चा शिक्षण हक्क कायदा शक्यतो मातृभाषेतून शिकवा म्हणतो, 2020 चं शैक्षणिक धोरण घरच्या भाषेचं नाव घेतं. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून बहिणाबाईंचं नाव आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी गाणी टिपून ठेवली, सोपानदेवांनी ती 1952 मध्ये छापून आणली, म्हणून ती उरली. पाटीवर बहिणाबाई चालतात, अंगणवाडीत त्यांच्यासारखी बोलणारी मदतनीस चालत नाही.

म्हणून नुसतं सांगणं मला पुरेसं वाटत नाही. सांगणं चुलीपाशी राहतं आणि पुस्तक खुर्चीवर बसतं. बोलीतली गोष्ट कागदावर यावी आणि कागद हातात धरून मोठ्यानं वाचली जावी. आम्ही बाईंची म्हातारी त्यांच्याच शब्दांत कार्डशीटवर मोठ्या अक्षरात उतरवली. बाई चौथी पास. पहिल्या दिवशी अडखळल्या, आवाज घशातच राहिला. तिसऱ्या दिवशी वाघ दारापर्यंत ऐकू गेला. एक मुलगी अक्षरांवर बोट ठेवून म्हणाली, "मनी माय आशीच बोलस."

सगळ्यात कडक विरोध आयांनी केला. "आम्ही हे बोललो म्हणून आमचं काय झालं बघता ना? पोरीला साहेबाची भाषा शिकवा." त्यांना अडाणी म्हणून उडवून लावू नका. बँकेत, दवाखान्यात, तहसीलमध्ये बोलीसाठी त्यांनी अपमान गिळलेला आहे. त्यांच्या पोरींना प्रमाण मराठी आलीच पाहिजे, इंग्रजीही. पण ऐकून समजणाऱ्या भाषेत गोष्टीचा धागा धरायला शिकलेलं मूल दुसऱ्या भाषेतही तो धरू शकतं. न समजणारे शब्द कानावरून जाऊ देत गप्प बसायला शिकलेलं मूल पुढेही गप्पच बसतं. आम्ही तीच म्हातारी महिन्याभरानं प्रमाण मराठीत वाचली. पोरं वाघाच्या आधी बोलत होती.

बोलीचं सोवळंही नको. ग्रिम बंधूंनी 1812 च्या पहिल्या खंडात कोळी आणि त्याच्या बायकोची गोष्ट उत्तर जर्मनीच्या बोलीत छापली. गोष्ट कसली? हावरट बायकोमुळे सगळं गेलं. बोली टिकली आणि बाईवरचा ठपकाही टिकला. त्यांना कितीतरी गोष्टी सांगणारी डोरोथेआ फीमान ही शिंप्याची बायको. 1819 च्या आवृत्तीत तिचं चित्र छापलं, पण गोष्टी बहुतेक भावांच्या प्रमाण भाषेत आल्या. त्याच आवृत्तीत त्यांनी हिमगौरीच्या सख्ख्या आईची सावत्र आई करून टाकली. म्हणजे पुरुष संपादकांना गोष्ट बदलायची मुभा असते, आणि आपल्या मदतनीस बाईंनी वाक्य बदललं तर ती चूक? आवडती-नावडतीच्या गोष्टीत राजा नावडतीला गोठ्यात ठेवतो. बाईंनी वाचताना विचारलं, "राजाले कोनी काहीच नही बोलनं?" हा प्रश्न आता कार्डशीटवर लिहिलेला आहे.

या वाचनाचे वेगळे पैसे बाईंना मिळत नाहीत. मदतनिसाचं मानधन सेविकेहूनही कमी, आणि गोष्ट सांगणं तर 'बायकांना येतंच'. संघटनेच्या मागणीपत्रात हे काम म्हणून लिहिलं जावं असं मी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा 'नंतर बघू' झालं.

आणखी एक. भिलाटीतली तीन मुलं अहिराणीच्या गोष्टीलाही पहिल्यासारखीच गप्प होती. त्यांच्या घरची भाषा वेगळी. त्यांना अहिराणी ही गावच्या पाटलाची भाषा. त्यांच्यातल्या एकाच्या आजीला गोष्टी येतात असं कळलं. ती ऊसतोडीला गेली आहे, उन्हाळ्यात परतेल. तिच्यासाठी कार्डशीट कोरे ठेवले आहेत.