आधी कान, मग बोटे

लातूर आणि नांदेड ही शहरे आज महाराष्ट्राला ओळखीची आहेत ती बहुतांशी तिथल्या शिकवणी वर्गांमुळे. प्रश्नसंचांचा अखंड सराव, चाचणीमागून चाचणी आणि चुकलेल्या उत्तरांची उजळणी या पायावर ‘लातूर पॅटर्न’ उभा राहिला. मराठवाड्यातल्या साध्या घरांतील मुलांना त्याने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाट दाखवली, त्यामुळे त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र एका विद्येची रीत आपण सगळ्याच विद्यांना लावत आहोत का, हा प्रश्न मला गिटारच्या निमित्ताने पडला.

माझा भाचा लातूरला असतो. मोबाईलवरील चित्रफिती पाहून वर्षभरात तो गिटार शिकला. तीस-चाळीस गाण्यांचे कॉर्ड त्याला तोंडपाठ आहेत. दिवाळीत माझ्या आईने जात्यावरची ओवी म्हणायला घेतली, तेव्हा साहजिकच सर्वांनी त्याला साथ करायला सांगितले. त्याने मला हळूच विचारले, “मामा, ह्याचे कॉर्ड कुठं भेटतील?” आई गात राहिली, त्याने गिटार भिंतीला टेकवून ठेवली. दोष त्याचा नव्हता. त्याला उत्तरे मिळाली होती, ऐकायला मात्र कुणी शिकवले नव्हते.

गिटारची रचनाच या चुकीला वाव देते. तिचे पडदे पक्के बसवलेले असतात. तारा जुळलेल्या असतील, तर नेमक्या पडद्यामागे बोट दाबले की स्वर बहुधा बरोबरच येतो. गायकाला किंवा व्हायोलिनवादकाला ही सवलत नसते. त्याला प्रत्येक स्वर कानाने शोधावा लागतो. गिटार मात्र डोळ्यांनीही वाजवता येते. टॅब कोणती तार आणि कितवा पडदा ते सांगते, पण तिथे कोणता स्वर वाजतो आणि तो का वाजावा, हे वाजवणाऱ्याने जाणून घेतले नाही तरी चालते.

लेखी पद्धत मुळातच वाईट, असे मला म्हणायचे नाही. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वरलिपी आणि क्रमिक पुस्तके आणली, म्हणून संगीत मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. पण तिथे कागद गळ्याच्या मदतीला होता, गळ्याच्या जागी नव्हता.

आपल्या गावांतले भजनी मंडळ पाहावे. सप्ताहात टाळ घेऊन मागे उभा राहणारा मुलगा महिनोन्‌महिने नुसता ऐकत असतो. पेटीवाला पहिल्या ओळीतच बुवांची पट्टी ओळखतो. अशा तऱ्हेने शिकणे गिटारलाही परके नाही. अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी चार्ली ख्रिश्चनच्या ध्वनिमुद्रिका ऐकून शिकला. त्याला स्वरलेखन वाचता येत नव्हते.

म्हणून क्रम उलटावा, एवढेच माझे म्हणणे आहे. पहिले काही आठवडे विद्यार्थ्याने षड्ज गाऊन तो तारेवर शोधावा. ओळखीची एखादी आरती एकाच तारेवर, कुठेही न पाहता, चुकत-माकत काढावी. पाचवी तार षड्ज मानली, तर सहावी मोकळी तार खालचा पंचम देते. ओवीला एवढा आधार पुरे आहे. आणि कॉर्डच हवे असतील, तर पहिल्या पडद्यावर कॅपो लावून जीचा आकार धरला की काळी चार मिळते. माझ्या आईची पट्टी तीच होती. भाच्याजवळ कॅपो होता, जीचा आकारही होता. पट्टी ओळखणारा कान तेवढा नव्हता.

यावर कुणी म्हणेल की लहान शहरात गिटारचे चांगले गुरू सहज मिळत नाहीत, मग चित्रफितीशिवाय मुलांनी काय करावे? आक्षेप रास्त आहे. चित्रफीत जरूर पाहावी, पण आधी गाणे कानाने काढून मग ती पडताळण्यासाठी. उत्तरसूचीही शहाणा विद्यार्थी गणित सोडवल्यावरच उघडतो; लातूरकरांना हे वेगळे सांगायला नको.

वाद्य शिकल्याची परीक्षा, मला वाटते, किती गाणी येतात ही नसून समोरचा माणूस गाऊ लागला असता त्याच्यासोबत जाता येते का, ही आहे. ओव्या म्हणणारी पिढी आता थकत चालली आहे. पुढच्या दिवाळीला भाच्याने कॉर्ड विचारू नयेत, आजीजवळ बसून आधी तिचा षड्ज धरावा, एवढीच माझी इच्छा आहे.