तांबडे म्हणजे किती तांबडे?

परवा पेडण्याहून डिचोलीस जाण्याचा योग आला. आम्हां कोल्हापूरकरांना तांबडा म्हटले की रस्सा आठवतो. गोव्यात तोच शब्द जमिनीला चिकटलेला असतो. सड्यावरचा जांभा तांबडा, जुन्या देवळांच्या भिंतींवरची काव तांबडी आणि डिचोलीकडच्या खाणींवरून वाहून येणारा गाळही तांबडाच!

वाटेत एका शेतकऱ्याला मी सहज म्हटले, "तुमची माती मूळचीच तांबडी ना?" तो म्हणाला, "नव्हे हो! मूळची फिकट, तांबूस. हा वरचा गडद थर ढिगाऱ्यावरून पावसात आलेला."

या उत्तरात एक अख्खे शास्त्र दडलेले आहे. आल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकला-शिक्षकाने १९०५ साली रंग मोजण्याची पद्धत मांडली. आज मृदाशास्त्रज्ञ तिचाच तक्ता मातीशी ताडून पाहतात. '२.५ वायआर ४/६' अशी नोंद असली, तर पहिला भाग रंग लालाकडून पिवळ्याकडे किती कलला ते सांगतो; ४ हा आकडा काळ्याच्या शून्यापासून पांढऱ्याच्या दहापर्यंतची पायरी दाखवितो; आणि ६ हा भडकपणा. माती ओली की सुकी, हेही लिहावे लागते. कारण ओली माती गडद दिसते.

या तीन मापांना आपण पाठ्यपुस्तकांतून 'वर्ण', 'दीप्ती', 'संपृक्तता' असे भारदस्त शब्द देतो. मुले ते पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात. माझे म्हणणे असे की, तांबडा की पिवळा, फिकट की गडद, भडक की मळका, या तीन जोड्या घरोघरी असताना शास्त्राची सुरुवात त्यांच्यापासून का करू नये? बोलीतले शब्द नेमके नसतात, असा आक्षेप येईल. पण नेमकेपणा आकड्याने यावयाचा असतो. शब्दाने काय मोजावयाचे एवढेच सांगावे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. गोव्यातील खाणी २०१२ साली थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. तरी जुने ढिगारे पावसाची वाट पाहतच राहिले. शेतात गाळ आला म्हणून कोणी अर्जात नुसते 'माती तांबडी झाली' असे लिहिले, तर 'गोव्याची माती तांबडीच असते' हे उत्तर तयारच असते. बांधाच्या आतली आणि बाहेरची माती तक्त्याशी ताडून दोन आकडे लिहिले, तर ते उत्तर देणे तितके सोपे राहणार नाही. रंगावरून सारे सिद्ध होत नाही, पुढे प्रयोगशाळा हवीच. पण पहिली साक्ष डोळ्यांचीच असते.

त्या शेतकऱ्यापाशी शब्द होते, डोळा होता. फक्त तक्ता नव्हता. तो गावच्या शाळेत टांगावयास कितीसा खर्च येईल?