मनगटातील तीन वाटा



घरातील वडीलधाऱ्यांची अँजिओप्लास्टी ठरली की आपण खर्च किती, स्टेंट कोणता, एवढेच विचारतो. हृदयापर्यंत नळी कोणत्या धमनीतून नेणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारणे का आवश्यक आहे, हे या वेळी पाहू.

१९७७ मध्ये झुरिच येथे डॉ. ग्रुंटझिग यांनी पहिली अँजिओप्लास्टी जांघेतील धमनीतून केली. १९९० च्या दशकात अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉ. किमेनेय यांनी मनगटाची वाट रूढ केली. जांघेतील धमनी खोल असते आणि तेथील रक्तस्राव आतल्या आत साठू शकतो. मनगटाची धमनी त्वचेलगत असल्याने पट्टीच्या दाबाने रक्त थांबते आणि रुग्ण लवकर उठून बसतो.

मनगटातही तीन वाटा आहेत. पहिली अंगठ्याच्या बाजूची, वैद्य जेथे नाडी पाहतात ती रेडियल धमनी. आज बहुधा हिलाच प्रथम पसंती असते. मात्र ती कधी आकुंचन पावते, तर कधी उपचारानंतर बंद पडते. तळहाताला दोन धमन्यांचा पुरवठा असल्याने हे बंद पडणे बहुधा जाणवतही नाही.

दुसरी करंगळीच्या बाजूची अल्नर. ती खोल असून तिच्या शेजारी मज्जातंतू असतो. अजमेर येथे अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात अनुभवी हातांत ती रेडियलच्या तोडीची ठरली.

तिसरी अंगठ्याच्या मुळाशी, हाताच्या पाठीवरील खळग्यातील. २०१७ मध्ये डॉ. किमेनेय यांनीच तिच्याकडे लक्ष वेधले. २०२२ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, योग्य काळजी घेतल्यावर, पहिल्या व तिसऱ्या या दोन्ही वाटांनी धमनी बंद पडण्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आढळले. तिसऱ्या वाटेने रक्तस्राव लवकर थांबला, परंतु ऐनवेळी वाट बदलण्याची वेळ अधिक वेळा आली.

मग निवड कशी करावी? ती डॉक्टरांनीच करावी. आपण माहिती मात्र पूर्ण द्यावी. आपल्या समाजात मधुमेह घरोघरी आहे आणि त्यामागून मूत्रपिंडाचा विकारही येतो. पुढे डायलिसिस करावे लागले तर हातातील धमनी शिरेला जोडावी लागते. बायपासमध्येही रेडियल धमनी कामी येऊ शकते. म्हणजे ही धमनी हे आपले राखीव भांडवल आहे. म्हणून मूत्रपिंडाचे अहवाल, पूर्वीचे बायपास आणि रुग्ण कोणत्या हाताने काम करतो, हे सारे आधीच सांगावे. हृदयविकाराचा तीव्र झटका आला असेल, तर मात्र या चर्चेत क्षणही दवडू नये. डॉक्टरांचा हात ज्या वाटेवर बसलेला आहे, तीच वाट उत्तम.

घरी आल्यावर काही दिवस त्या हाताने दुकानाचे शटर ओढू नये, पोती उचलू नयेत. बोटे थंड वा बधिर पडली, सूज वाढली, तर त्वरित रुग्णालय गाठावे. रक्त येऊ लागल्यास ती जागा घट्ट दाबून धरावी आणि तशीच दाबून ठेवून निघावे.