चौदा गुणसूत्रे आणि चौदा दिवस

पावसाळा सरू लागला की कसबा बावड्यात थंडी वाजून ताप येणाऱ्यांची संख्या वाढते. बहुतेकांना धास्ती डेंग्यूची, 'प्लेटलेट किती?' हाच पहिला प्रश्न. हिवतापाचे नाव कुणी काढत नाही. आपल्याकडे तो कमी झाला आहे, हे खरेच. पण मध्यंतरी बावड्यातलाच एक तरुण तपासणीला आला. गोव्यात बांधकामावर सेंट्रिंगचे काम करणारा. वर्षभरातला हा त्याचा तिसरा ताप. रक्ताच्या काचपट्टीवर हिवतापाचा 'व्हायव्हॅक्स' परजीवी दिसला. आधीच्या वेळी औषध पूर्ण घेतले होते का, असे विचारले तर म्हणाला, "घेतलं की साहेब, ताप उतरंपर्यंत." मग त्यानेच विचारले, "ह्यो जुनाच ताप म्हणायचा, का नवा डास चावलाय?"

प्रश्न अचूक होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे उत्तर मिळत नाही, कारण जुना आणि नवा परजीवी दिसायला सारखाच. फरक असलाच तर तो त्यांच्या जनुकांत.

ती जनुके वाचण्याचे मोठे काम ऑक्टोबर २००२ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. हिवतापाच्या 'फाल्सिपेरम' या सर्वांत जीवघेण्या प्रकाराची १४ गुणसूत्रे, सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरे आणि पाच हजारांहून अधिक जनुके. यातली ८० टक्क्यांच्या आसपास अक्षरे 'ए' आणि 'टी' ही दोनच असल्याने तुकडे जुळवणे महाकठीण. एकाच रंगाच्या चिंध्यांतून मूळ कापड पुन्हा जोडण्यासारखे. गंमत म्हणजे हा वाण मिळाला होता नेदरलँड्समध्ये, कधीही देशाबाहेर न गेलेल्या रुग्णाकडून. तो ॲमस्टरडॅमच्या विमानतळाजवळ राहत होता. डास बहुधा विमानातून आला असावा.

आपल्या तरुणाला झालेल्या व्हायव्हॅक्सचे वाचन मात्र २००८ साली आले. फाल्सिपेरम प्रयोगशाळेत सतत वाढवता येतो, व्हायव्हॅक्स तसा वाढत नाही. त्यासाठी माकडे वापरावी लागली. २०१२ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या वाणांची तुलना झाली, त्यात एक भारतातला होता. तेव्हा कळले की फाल्सिपेरमच्या मानाने व्हायव्हॅक्समध्ये जनुकीय वैविध्य जवळपास दुप्पट आहे. 'साधा मलेरिया' म्हणून आपण ज्याला हलक्यात घेतो, तो इतका बहुरूपी आहे.

या वाचनाचा उपयोग कागदावर राहिलेला नाही. क्लोरोक्विनला न जुमानणाऱ्या फाल्सिपेरमची खूण जनुकात सापडते. आर्टेमिसिनिनला दाद न देणाऱ्या परजीवींची खूण २०१४ मध्ये कंबोडियातल्या नमुन्यांवरून कळली. काही देशांत तर असे फाल्सिपेरम आढळले, ज्यांच्यातून झटपट चाचणीची पट्टी शोधते ते प्रथिन बनवणारे जनुकच गळून पडले आहे. रुग्ण तापाने फणफणलेला आणि फाल्सिपेरमची रेघ कोरी!

हे काम आपल्यापासून दूरही नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आलेल्या रुग्णांच्या रक्तातून परजीवींचे जनुकीय वाचन झाले आहे. कामगार राज्याराज्यांतून येतात, आपापल्या भागातले परजीवी घेऊन येतात आणि सुट्टीला घरी जाताना तिथले परजीवीही नेतात. कोल्हापूरच्या स्टँडवरून गोव्याची गाडी रोज सुटते. म्हणून गोव्यातल्या नमुन्यांचा प्रश्न हा आपलाही प्रश्न आहे.

देशाने २०३० पर्यंत हिवताप संपवायचे ठरवले आहे. रुग्ण थोडे उरले की प्रत्येकाचे रक्त मोलाचे होते. म्हणून माझा आग्रह असा: काचपट्टी घ्यायची ती गोळी देण्याआधी, आणि निदान पक्के झाले की त्याच बोटाचे दोन थेंब टिपकागदावर घेऊन वाळवून जनुकीय तपासणीला पाठवायचे. वाळलेला नमुना पाकिटातून जातो, बर्फाची पेटी लागत नाही. आज हे एखाद्या संशोधन प्रकल्पापुरते होते. ते जिल्ह्याच्या नेहमीच्या कामात यायला हवे.

अर्थात जनुकेही सगळे सांगत नाहीत. व्हायव्हॅक्स यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतो, आणि कधीकधी जो जागा होतो तो आधीच्या तापातल्या वाणापेक्षा वेगळाच असतो. त्यामुळे अक्षरे जुळली नाहीत म्हणजे डास नवा, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्या झोपलेल्याला मारायला आपल्याकडे प्रायमाक्विन देतात, तेही सलग १४ दिवस. गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे आणि 'जी सिक्स पीडी' या विकराची कमतरता असलेल्यांना ते देत नाहीत. इतरांचे अडते ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. ताप गेलेला असतो आणि मुकादम कामावर बोलावत असतो.

या तरुणाची विकराची तपासणी ठीक आली. चार दिवसांच्या गोळ्या त्याने इथे घेतल्या, उरलेल्या दहा दिवसांच्या खिशात घालून तो गोव्याला गेला. आमच्या आरोग्यसेवकाने रोज संध्याकाळी त्याला फोन केला. चौदाव्या दिवशी त्याने रिकाम्या पाकिटाचा फोटो पाठवला, आणि खाली लिहिले होते, सोबत काम करणाऱ्या झारखंडच्या दोघांनाही कालपासून थंडी वाजतेय, त्यांना कुठं न्यायचं?