पाळतीचे बिल

तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू होतो. फराळाच्या डब्यांत तळाशी चुरा तेवढा उरलेला असतो आणि घरोघरी स्थळांची यादी बाहेर निघते. या यादीत नावापुढे पूर्वी गोत्र, नाडी, पगार अशा खुणा असत. आता शहरांतून, आणि शहरांचे पाहून तालुक्याच्या गावांतूनही, आणखी एक खूण दिसू लागली आहे : ‘माणूस लावायचा का?’ माणूस म्हणजे खासगी गुप्तहेर. भांड्यांना बाई लावावी, बागेला माळी लावावा, तसा होणाऱ्या जावयामागे माणूस लावावा, असे चारचौघांत, चहाचा कप हातात धरून, खुशाल बोलले जाते. कोणाला त्यात वावगे वाटत नाही. चर्चा होते ती एकाच गोष्टीची : तो घेतो किती?

त्याच प्रश्नाचे उत्तर मी आज देणार आहे. ते गोड नाही, हे सणाच्या दिवसांत आधीच सांगून ठेवतो.

गेल्या वर्षी भाऊबीजेला मेहुण्याकडे आम्ही सारे जमलो होतो. ओवाळणी झाली, जेवणे झाली, आणि आमच्या साडूंनी मला गॅलरीत नेऊन खिशातून एक कागद काढला. त्यांच्या मुलीसाठी बंगळुरूला नोकरी करणाऱ्या एका मुलाचे स्थळ जवळजवळ ठरले होते. कागद होता गुप्तहेराच्या कचेरीतून आलेले अंदाजपत्रक. शिक्षण, नोकरी, घराणे यांची साधी चौकशी : 25,000 रुपये. सात दिवसांची पाळत, माणसे दोन, मोटारसायकल एक : 60,000 रुपये. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च वेगळा. वर 18 टक्के जीएसटी. निम्मी रक्कम आगाऊ.

“एवढे पैसे?” मी म्हटले.

“अहो, नुसता हॉल दोन लाखांचा घेतलाय,” साडू म्हणाले. “मुलगी काय हॉलपेक्षा स्वस्त आहे?”

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. वर्षभराने सुचले, म्हणून हा लेख.

आपल्या मनातला गुप्तहेर बाबूराव अर्नाळकरांनी घडवला. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. धनंजय-छोटू, झुंजार, काळापहाड यांच्या पायी कितीतरी घरांतले कंदील रात्री उशिरापर्यंत जळले. पण यांपैकी कोणी निम्मी रक्कम आगाऊ मागितल्याचे मला आठवत नाही. आणि एखाद्या निरपराध मुलाच्या इस्त्रीवाल्याला गाठून ‘ह्याच्या खोलीवर कोण कोण येतं?’ असे विचारल्याचेही आठवत नाही. ते गुन्हेगाराच्या मागे लागत. आपण भाड्याने आणलेला गुप्तहेर ज्याच्या मागे लागतो, त्याचा गुन्हा काय? त्याने आपल्या मुलीला होकार दिला, एवढाच.

बरे, हा माणूस असतो तरी कोण? सोसायटीच्या दारात बसणारा रखवालदार पुरवायचा, तर त्या संस्थेला 2005 च्या कायद्याप्रमाणे परवाना काढावा लागतो. पण तुमच्या होणाऱ्या जावयाचे मित्र, सवयी आणि आजार हुडकायला निघालेल्या गृहस्थाला तसल्या परवान्याची गरज नाही. गुप्तहेर संस्थांना परवान्याखाली आणणारे विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा काही झाला नाही. त्यामुळे या धंद्यात सचोटीचा, अनुभवी माणूस असतो, तसाच काल दुसरे दुकान बुडाले म्हणून आज ही पाटी लावणाराही असतो. आणि पाट्या दोघांच्या सारख्याच चकचकीत. दर ठरलेला नाही, कारण ठरवणारा कोणी नाही. अहवाल खोटा निघाला तर ग्राहक आयोगाकडे जाता येईल म्हणा. पण तेथे आपण कोणाच्या मागे माणूस लावला होता, हे आधी चव्हाट्यावर मांडावे लागेल. तेव्हा तक्रार होत नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

या धंद्याची आणखी एक गोम आहे. साठ हजार मोजल्यावर ‘काही सापडले नाही’ एवढे एकच वाक्य हातात पडले, तर गिऱ्हाईक खूश होईल का? ‘मुलगा सज्जन आहे’ हे ऐकण्यासाठी एवढे पैसे देणे कोणाच्याही जिवावर येते. हे गुप्तहेराला पक्के ठाऊक असते. म्हणून अहवालात काहीतरी असतेच. मुलगा दोन वेळा बारच्या पायरीवर दिसला; आत गेला की नाही, नक्की नाही. एका मुलीबरोबर चहा पिताना दिसला. नाते समजले नाही. खोटे काही नाही आणि खरेही काही नाही. संशय मात्र छापील कागदावर, तारीखवार.

गिऱ्हाइकाची भूक तेवढ्याने भागत नाही. ‘त्याच्या फोनचं काही मिळेल का?’ असा प्रश्न हळूच येतो. कोण कोणाशी किती वेळ बोलला, या नोंदी मागण्याचा अधिकार कायद्याने तपास यंत्रणांना दिला आहे, तुमच्याआमच्यासारख्या वधूपित्यांना नाही. अशा नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. पुरुषाने एखाद्या स्त्रीच्या ई-मेलवर किंवा इंटरनेटच्या वापरावर नजर ठेवणे हा 2013 पासून पाठलागाचा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या 78 व्या कलमात तो आजही आहे आणि पहिल्या खेपेलाच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे सुनेची माहिती काढायला निघालेला सासरा कोठे जाऊन पोचू शकतो, पाहा! 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. सरकारने आपल्यावर नजर ठेवू नये म्हणून आपण त्या निकालाला टाळ्या वाजवल्या, आणि घरी येऊन जावयामागे माणूस लावला.

‘हे सारे ठीक, पण फसवणूक झाली तर?’ तुम्ही विचाराल. प्रश्न खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. आधीचे लग्न लपवणारे, पदवी खोटी सांगणारे, परदेशात संसार असताना इकडे बोहल्यावर चढणारे महाभाग असतात, आणि त्यात मुलगी भरडली जाते. हरवलेल्या माणसाचा शोध असो, कंपनीतली अफरातफर असो, तेथे कोणी गुप्तहेर नेमला तर माझे भांडण नाही. पण लग्नात फसवणूक ज्या गोष्टींत होते, त्यांतल्या बहुतेक कागदावर सापडतात. शेती आहे म्हणतो? डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो. कोर्टकज्जे आहेत का? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव घालून जिल्हा न्यायालयांतले खटले फुकट शोधता येतात. पदवीची खात्री विद्यापीठाकडून करून घेता येते. आधी घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रत मागा. प्रकृतीची शंका असेल तर दोघांचीही तपासणी करा. एकाच दिवशी, एकाच डॉक्टरकडे. आणि हे सारे तोंडावर मागा. ‘आमचे कागद हे घ्या, तुमचे दाखवा.’ यात मागणाऱ्याला लाज नाही आणि देणाऱ्याचा अपमान नाही. समोरचा टाळाटाळ करू लागला, तर ते टाळणे हाच अहवाल समजा.

‘पूर्वीही चौकशी होतच होती की!’ असेही मला ऐकवण्यात येते. होत होती. मामा परगावी जाई, ओळखीच्याकडे उतरे, देवळात, कचेरीत, शेजारी विचारून येई. त्या चौकशीचे गोडवे मला गायचे नाहीत. मत्सरी शेजाऱ्याने मोडता घातला म्हणून कितीतरी चांगल्या मुलींची लग्ने मोडली. पण त्या चौकशीला एक चेहरा होता. मामा सर्वांसमोर गाडीतून उतरे, आणि काय ऐकले, कोणाकडून ऐकले, हे त्याला सांगावे लागे. बोललेल्या शब्दाला तो जन्मभर बांधलेला असे. आजचा भाडोत्री माणूस त्याच मत्सरी शेजाऱ्याला विचारतो. मात्र त्याचे नाव अहवालात ‘विश्वसनीय सूत्र’ असे होते. मामाला लग्नात अक्षता टाकायला यावे लागे. हा फक्त बिल पाठवतो. चौकशी आणि पाळत यांत अंतर आहे ते हेच : चौकशी समोरच्याला कळली तरी चालते, पाळत कळली की संपले.

लग्नानंतर बायकोमागे किंवा नवऱ्यामागे माणूस लावणाऱ्यांना तर एकच सांगतो. 2018 पासून व्यभिचार हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. घटस्फोटाचे कारण मात्र तो आहे. 14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला, की नवराबायकोपैकी एकाने गुपचूप टेप केलेले दुसऱ्याचे बोलणे घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून मांडता येईल. हा निकाल हातात नाचवणाऱ्यांनी त्यातला दुसरा भागही वाचावा. पतिपत्नी एकमेकांवर हेरगिरी करू लागले असतील तर तेच संबंध तुटल्याचे लक्षण आहे, अशा अर्थाचे न्यायालयाने म्हटले आहे. म्हणजे पैसे मोजून जे सिद्ध करायचे, ते माणूस लावल्याच्या दिवशीच सिद्ध झालेले असते. पुढचे दिवस नुसते मीटर चालू.

आता साडूंची गोष्ट पुरी करतो. त्यांनी पाळत लावली. 60,000 रुपये फी, 10,800 कर, प्रवास आणि लॉज 9,000. ऐंशी हजारांना दोनशे कमी. अकरा पानी अहवाल आला. त्यात एकच खटकणारी नोंद होती. मुलगा शनिवारी संध्याकाळी एका फ्लॅटवर गेला, तेथे एक मध्यमवयीन स्त्री एकटी राहते, तो रात्री साडेनऊला बाहेर पडला. शेजारी म्हणाले, दर शनिवारी येतो.

घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही. शेवटी मुलीने तो कागद पाहिला आणि सरळ त्या मुलाला फोन लावला. “शनिवारी संध्याकाळी तुम्ही कुठे असता?”

तो म्हणाला, “गाणं शिकायला जातो. आमच्या बाई धारवाडच्या आहेत. तुम्ही आलात की नेणारच होतो तुम्हाला त्यांच्याकडे.”

मग थोडे थांबून त्याने विचारले, “पण शनिवारचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

मुलगी खोटे बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचा फोन आला. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. “आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही,” ते म्हणाले, “पण तुमच्याकडे विचारण्याची पद्धत नाही, असं दिसतं. तेव्हा राहू द्या.”

एका फोनवर मिळणारे उत्तर ऐंशी हजारांना आणले, आणि ते हातात पडले तेव्हा ज्याच्यासाठी हवे होते तोच उरला नाही. गुप्तहेराने आपले काम चोख केले होते. अहवालात एक अक्षर खोटे नव्हते.

पण बिल एवढ्यावर फिटले नाही. त्या रात्री मुलीने साडूंना एकच प्रश्न विचारला. मला हे त्यांनीच सांगितले, या भाऊबीजेला, त्याच गॅलरीत.

“बाबा, मी पुण्यात तीन वर्षं हॉस्टेलवर होते. तेव्हा माझ्यामागे कोणी लावला होतात का?”

“नव्हता लावला हो,” साडू मला म्हणाले. “देवाशपथ नव्हता लावला. तिलाही तसंच सांगितलं.”

“मग?”

“ती ‘बरं’ म्हणाली.”