आजीच्या शाळेचे रजिस्टर कोण जपणार?

पुण्यातील भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त करण्यात आला. त्याच्या महिनाभर आधी, ३ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंची याचिका फेटाळली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये जेथे मुलींची शाळा काढली, त्या जागेवर राष्ट्रीय स्मारक व्हावे म्हणून वर्षानुवर्षे झगडणाऱ्या कार्यकर्त्यांना आमचा जयभीम. स्मारक झालेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही.

पण स्मारक म्हणजे इतिहास नव्हे. फुले दांपत्याच्या शाळांत बसलेल्या मुली कोण होत्या, कोणाच्या लेकी होत्या, पुढे त्यांचे काय झाले? त्यांच्यापैकी मुक्ताबाई ही मांग समाजातील विद्यार्थिनी आजही आपल्याशी थेट बोलते. याचे कारण साधे आहे. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. वाडा पडला, निबंध उरला. ज्याची प्रत निघाली ते टिकले.

हा धडा आम्हा नागपूरकरांनी तरी घेतला आहे काय?

नागपुरात जाईबाई चौधरींनी अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळा कन्या शाळा काढली. १८९२ मध्ये उमरेडला महार कुटुंबात जन्मलेल्या या बाईने पोटासाठी हमाली केली, डोक्यावर ओझी वाहिली. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईने तिला शिकवले आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली. मास्तरीण अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि जाईबाईंना नोकरी सोडावी लागली. दुसरी एखादी रडत घरी बसली असती. जाईबाईंनी आपल्या मुलींसाठी आपलीच शाळा उघडली.

पुढे १९३७ मध्ये नागपुरातच अखिल भारतीय महिला परिषद भरली, तेव्हा याच जाईबाईंना जेवणाच्या वेळी वेगळे बसवण्यात आले. स्त्रीमुक्तीच्या मांडवातही पंगत जातीचीच निघाली! त्याच्या निषेधार्थ १ जानेवारी १९३८ ला दलित स्त्रियांनी सभा घेतली. २० जुलै १९४२ ला याच शहरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली आणि बाबासाहेबांच्या उपस्थितीत, हजारो स्त्रियांची परिषद झाली. त्या परिषदेचे ठराव आपल्याला पाठ आहेत. पण ते ठराव लिहिणाऱ्या, वाचून दाखवणाऱ्या, समजून घेणाऱ्या बाया आभाळातून पडल्या नव्हत्या. त्या अशाच लहान लहान शाळांच्या बाकांवरून उठून आल्या होत्या.

आणि त्या शाळेच्या बाबतीत आपली अवस्था पाहा. चोखामेळा कन्या शाळा कधी सुरू झाली? एका पुस्तकात १९२२ आहे, दुसऱ्या ठिकाणी १९२४. हा वाद लेखकांना दोष देऊन मिटणार नाही. त्या काळचे कागद सर्वांपुढे ठेवूनच तो मिटेल. फुल्यांच्या पहिल्या शाळेबाबतही कोणी १ जानेवारी सांगतो, कोणी ऑगस्ट. स्वतःच्या शाळांच्या तारखांसाठी भांडणारा समाज आपण झालो आहोत, कारण त्यांची दप्तरे जपणारा समाज आपण वेळीच झालो नाही.

येथे आमच्या वकिलीतला एक अनुभव सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी जात पडताळणीच्या एका प्रकरणात आम्ही विदर्भातील एका जुन्या मुलींच्या शाळेत गेलो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा असतो. पक्षकाराच्या आत्याचे नाव तेथे सापडेल अशी आशा होती. शिपायाने कापडात बांधलेले दाखल-खारीज रजिस्टर आणून ठेवले. पान उलटताना कडा तुटत होत्या. नाव सापडले, जात सापडली, जन्मतारीख सापडली. मुख्याध्यापिका बाईंनी सही-शिक्क्यानिशी उतारा दिला आणि पक्षकाराचे काम झाले.

त्याच पानावर आत्याच्या वर आणि खाली आणखी दहा-बारा आपल्या मुली होत्या. बापाचा धंदा मजुरी, बापाचा धंदा विडी. शाळा सोडण्याचे कारण ‘लग्न’, पुन्हा ‘लग्न’, एकीपुढे ‘मयत’. आम्ही ते वाचले आणि रजिस्टर मिटले. आम्हाला एका ओळीचे काम होते. पुढे दुसऱ्या प्रकरणासाठी त्याच शाळेत गेलो, तेव्हा कळले की खोलीचे छत गळले आणि ते रजिस्टर लगदा झाले. त्या दहा-बारा मुलींची शेवटची नोंद आम्ही डोळ्यांनी पाहिली होती आणि तिची साधी नक्कल उतरवली नव्हती. हा दोष आम्ही शाळेवर ढकलत नाही. आम्हीही त्याचे वाटेकरी आहोत.

पाऊस आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर दिल्लीच्या २६, अलिपूर रोडवरील त्यांचे कागद १९६७ मध्ये अंगणात टाकले गेले आणि पावसात भिजले. ते आठवले की आजही आपला संताप होतो. मग आपल्या आजीच्या शाळेच्या छताकडे आपण का पाहत नाही?

याचे एक कारण कायद्यात दडले आहे. जात पडताळणीत पुरावा सहसा बापाच्या बाजूचा लागतो. आजोबा चालतात, चुलता चालतो, आत्याही चालते. आई सहसा चालत नाही, आजी सहसा चालत नाही. म्हणून आजोबांच्या शाळेचा दाखला घराघरात जपून ठेवलेला आहे आणि आजीची शाळा कोणती, हे नातवाला विचारले तर तो डोके खाजवतो. त्यात लग्नानंतर मुलीचे नाव बदलते, आडनाव बदलते. रजिस्टरातली मुलगी आणि वस्तीतली म्हातारी एकच, हे सांगणारे कोणी उरले नाही की ती मुलगी कागदावरच हरवते. समितीला आजी नको असेल, पण चळवळीलाही नको आहे काय? मनुस्मृती जाळणाऱ्यांनी वंशावळ मात्र पुरुषांचीच ठेवायची, हे शोभणारे नाही.

आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून काढले, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या तोंडून इतिहास उतरवला आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ दिला. ते काम झाले नसते तर कितीतरी नावे त्या बायांबरोबरच गेली असती. दोन बायांनी जे केले ते शेकडो शाखा, मंडळे आणि महिला संघांना जमू नये काय?

करायचे काय, ते स्पष्ट सांगतो. आपल्या गावातील जुनी मुलींची शाळा निवडा. जनरल रजिस्टर कायमचे जपायचे असते, असा शाळांना नियमच आहे. पण हजेरीपट, संमेलनाचे फोटो, संस्थेचे इतिवृत्त रद्दीत जाते, ते आधी वाचवा. बाईंना भेटा, विश्वासात घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज हे शेवटचे हत्यार. पानांचे फोटो घ्या, पण चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, त्याने कागद मरतो. एक प्रत शाळेत, एक विहारात, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवा. मग वस्तीत जा. ज्या माजी विद्यार्थिनी हयात आहेत त्यांना माहेरचे नाव, सासरचे नाव, बाईंची नावे, शाळा का सुटली ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवा. एक दक्षता मात्र घ्या. रजिस्टरात जात असते, गुण असतात, घरचे दारिद्र्य असते. हयात व्यक्तीची नोंद तिच्या संमतीशिवाय आणि मृत व्यक्तीची नोंद घरच्यांना विचारल्याशिवाय छापू नका. आपल्या आयाबहिणींची अब्रू हीही इतिहासाइतकीच जपायची वस्तू आहे.

जे जमेल ते शाळेतल्या आजच्या मुलींना वाचून दाखवा. अनेक शाळांच्या रजिस्टरात १९५६ नंतर धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ जाऊन ‘बौद्ध’ येते. ती एक ओळ नववीतल्या मुलीने स्वतः पाहिली, तर धम्मक्रांती तिला भाषणातून समजावून सांगावी लागणार नाही.

येत्या ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला आपण हार घालूच. हार घालून झाला की तसेच शाळेच्या कार्यालयात जा आणि जुने कपाट उघडायला सांगा. पावसाळा दर वर्षी येतो. त्याच्या आधी त्या मुलींची नावे उतरवून घेऊ या.